विज्ञानाचे सर
रायपूरच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. बायकोच्या स्तनात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं आणि ती तयारही झाली. मीच म्हटलं, "चाकू लागला की कॅन्सर पसरते," आणि तिला सिलतरा गावाजवळच्या वैद्याकडे नेलं. आठ महिने रोज सकाळी माझ्या हाताने तिला काढा पाजला. गाठ फुटली तेव्हा मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथला डॉक्टर माझाच विद्यार्थी निघाला. तो पाया पडला. रिपोर्ट पाहून म्हणाला, "सर, अब ऑपरेशन नहीं हो पाएगा. आपके रहते इतनी देर?" मी तोंड उघडायच्या आत ती बोलली, "हे तर रोजच म्हणत होते, ऑपरेशन कर. मलेच भेव लागे." तो तिला म्हणाला, "सर की बात माननी थी, आंटी." मला हायसं वाटलं, आणि ते तिने पाहिलं.