दोन हात केबल

“सूनबाई, चूक झाली तर लगेच सांगायची. विमानापुढे लपवाछपवी चालत नाही,” शेडमध्ये स्वतःचं छोटं विमान बांधताना सासरे म्हणाले होते. तिनं शब्द दिला होता. रेडिओपासून अँटेनापर्यंतची पन्नास ओहमची केबल दोन हात कमी पडली, तेव्हा तिनं टीव्हीची उरलेली पंच्याहत्तरची जोडली. दिसायला सारखीच, एवढ्याशासाठी त्यांना काय सांगायचं? अंगणातल्या चाचणीत आवाज खणखणीत आला. वर, लांब गेल्यावर मात्र त्या बेमेळ जोडातून आवाज पोचेना; वादळाचा इशारा त्यांना ऐकूच गेला नाही. “विमानतळाच्या टॉवरनं चारदा परत बोलावलं. पण बाबांनी जन्मात कुणाचं ऐकलंय? हट्टापायी गेले,” भेटायला आलेल्यांना नवरा सांगत होता. सासूबाईंची मान खाली गेली. आतल्या खोलीत तिनं कोसळलेल्या विमानाच्या अवशेषांच्या खोक्यातून केबलचा जळका तुकडा उचलला. वेष्टनावरचा पंच्याहत्तरचा आकडा अजून वाचता येत होता. तो मुठीत धरून ती बाहेरच्या खोलीकडे निघाली.