सीताफळाच्या बिया

"आई, डोळ्यांत झोंबतंय," न्हाणीत बसलेली सुगंधा म्हणाली.

"सोस जरा. उवा मरतायत." वाटलेल्या सीताफळाच्या बियांचा उरलासुरला लेपही आईने तिच्या केसांत चोळला. सुट्टी संपली होती, आणि डोक्यात उवा दिसल्या की वसतिगृहात सरळ भादरून टाकत. कमरेपर्यंतचे ते केस आईला वाचवायचे होते. तिने वरून पाणी ओतलं, तसा लेप ओघळून डोळ्यांत गेला.

आता दवाखान्यात सुगंधाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत. नजर परत येणार नाही, हे डॉक्टरांनी फक्त आईला सांगितलंय.

आई केसांतून फणी फिरवते. मेलेल्या उवा पांढऱ्या चादरीवर पडतात.

"सगळ्या मेल्या?"

"हो, बाळा."

सुगंधा नेहमीसारखी मान मागे वळवते. "दाखव ना."