जुईचा करगोटा

जुईचा श्वास मोजणारा करगोटा लाल झाल्याचा निरोप आपोआप आरोग्य केंद्रावर गेला आणि वीस मिनिटांत गाडी दारात आली. पाच वर्षांची जुई मात्र अंगणात लंगडी घालत होती.

"म्हणे श्वास मिनिटाला बासष्ट!" ड्रायव्हर वैतागला. "दोऱ्यालाच ताप आलाय, आशाताई. मी निघतो."

गावच्या आशासेविका सुगंधाताईंना चैन पडेना. त्यांनी जुईचा फ्रॉक वर करून पाहिला. कमरेचा दोरा हिरवागार होता. मग लाल कुठला?

"मैना, बाळ कुठंय गं?"

"आत निजलंय. दोन दिवस फणफणलं होतं, आज गप आहे. दूधपण मागत नाही." जुईची आई जरा ओशाळली. "धडधाकट लेकराचा करगोटा बांधला की गुण येतो, म्हणून मी दोघांचे बदलले."

सुगंधाताई आत धावल्या. त्यांनी झबलं वर सारलं. दर श्वासाला बाळाच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता आणि कमरेला जुईचा दोरा लाल लुकलुकत होता.

बाहेर गाडी सुरू झाली.

"जुई, पळ! थांबव त्याला!" बाळाला उचलत त्या ओरडल्या.

आणि जिला धाप लागली म्हणून गाडी आली होती, तीच पोर गाडीमागं वाऱ्यासारखी सुटली.