बिनकामाचा हीटर

वामनने लष्कराच्या लिलावात घेतलेल्या ट्रकला केबिन गरम ठेवणारा हीटर होता. त्र्याऐंशीच्या मे महिन्यात त्या हीटरला इंजिनाचं गरम पाणी नेणाऱ्या नळीचा जोड तुटला. तसला जोड तळोज्याच्या दिनानाथ मेस्त्रीला कुठेच मिळेना.

"जाऊ दे रं मेस्तरी! आपल्या घनसोलीत हिटर कोनाला पायजे? बंदच करून टाक." घाम पुसत वामन हसला. दिनानाथही हसला आणि त्याने तिथे बूच ठोकलं.

डिसेंबरात वामनला काश्मीरचं भाडं मिळालं. आठवड्याने पेपरात आलं, घाट बर्फाने बंद, ट्रक चार दिवस अडकलेले. दिनानाथ हातात पाना धरून नुसता बसून राहिला.

जानेवारीत ट्रक आला. वामनचा धाकटा भाऊ खाली उतरला, मुंडण केलेला.

"मेस्तरी, पयला तो हिटर चालू करा."