खराब माल वर

१२ फेब्रुवारी २०२४, सकाळचे दहा चाळीस, कागद त्रेसष्ट. नंदुरबारच्या बाजारात मिरच्या निवडणाऱ्या फरजानाचाचींनी आपले कागदांचे गाठोडे किंजल वकिलीणबाईंच्या मेजावर सोडले. घरमालकाने घर रिकामे करण्याचा दावा लावला होता आणि वकिलीणबाईंची फी दर अर्ध्या तासाला मोजली जात होती. सारे कागद तारखेवार लावलेले. फक्त एका चिठ्ठीची नक्कल मुद्दाम सर्वांत वर. 'दिवाळीपर्यंत घर सोडते', आणि खाली चाचींचाच अंगठा.

किंजल दचकली. "चाची, हा तर त्यांच्या फायद्याचा कागद! लोक असले कागद आमच्यापासूनसुद्धा लपवतात."

"पांढरी पडेल मिरची पोतामा खाले दपाडी, ते आख्खं पोतं वापस येस, बेटी. आनि तुन्हा येळ महाग शे. तो शोधामा कसाले घालू?"

किंजल मनापासून हसली. चिठ्ठीतली ती दिवाळी उलटल्यावरही मालकाने भाडे घेतल्याच्या पावत्या तिने लगेच वेगळ्या काढल्या.

न्यायालयात समोरच्या वकिलांनी तीच चिठ्ठी हुकमाच्या एक्क्यासारखी टाकली. किंजलने शांतपणे पावत्या पुढे सरकवल्या. मालकाने दावा मागे घेतला.

पडलेल्या तारखा : एक.