मोज्यांची वाटणी

थोरल्या जावेच्या खुंटीला एक रबरी हातमोजा अडकवायचा, एवढंच काम. पण अनुसूयेचा हात तिसऱ्यांदा मागं आला.

हॉस्पिटलच्या बाटल्या धुण्याच्या खोलीत अजून कुणी नव्हतं. टबात कॉस्टिक सोड्याचं पाणी वाफाळत होतं. सात वाजले की जाऊ कस्तुराबाई येणार, मोजा बघणार आणि उचलून कोपऱ्यात भिरकावणार. भिरकावू दे. पण खरंच भिरकावला तर? अनुसूयेनं मोजा पुन्हा पदराखाली घेतला.

म्हैसूर राज्य मोठं झालं त्याच वर्षी कॉटनपेटेतलं त्यांचं घर लहान झालं. पिराजी आणि संताजी, सख्खे भाऊ. कशावरून भांडले ते आता त्यांनाही आठवायचं नाही. पण स्वयंपाकघराच्या मधोमध पत्रा उभा राहिला. वाटणी एवढी काटेकोर, की पाटा थोरल्या पिराजीकडं गेला आणि वरवंटा धाकट्या संताजीकडं. काय म्हणावं या अकलेला. दोन्ही घरांनी उरलेलं अर्धं बाजारातून आणलं, पण पत्र्यापलीकडं कुणी मागितलं नाही. बायकांचं तर भांडण नव्हतंच. तरी नवरे बोलेनात म्हणून जावाही बोलेनात. एकाच टबावर समोरासमोर उभ्या राहून दोघी दहा महिने मुक्यानं बाटल्या धूत होत्या.

संक्रांतीनंतर सिस्टरनं दोघींचे फुटलेले हात पाहिले आणि ऑपरेशनच्या खोलीतली मोज्यांची एक जुनी जोडी आणून दिली. म्हणाली, “दोघी मिळून वापरा. आज एकीनं, उद्या दुसरीनं.”

मिळून वापरायचं तर आधी बोलावं लागतं. त्यापेक्षा वाटणी सोपी. अनुसूयेनं झटकन उजवा उचलला, कारण बाटलीत कुंचा उजव्या हातानं फिरवायचा आणि सोड्यात जास्त बुडतो तो उजवाच. कस्तुराबाईनं उरलेला मोजा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, “सरी, असू दे,” म्हणाली आणि डाव्या हातात चढवला. तिचा ताठा सगळ्या पेटेला ठाऊक होता. मोडेल पण वाकणार नाही.

पहिले चार दिवस अनुसूयेला जिंकल्यासारखं वाटलं. मग वाटेनासं झालं. तिच्या उजव्या हाताच्या भेगा भरून आल्या. डाव्यालाही ती जपायची. कामाआधी खोबरेल, काम झालं की साध्या पाण्यानं धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा करायचा, आणि निजताना राळ, मेण नि तिळाच्या तेलाचं मलम. समोर कस्तुराबाईचा, तिच्या अक्काचा, उजवा हात मात्र रोज थोडा जास्त फाटत होता. घरी पत्र्यापलीकडं अक्का मिरची वाटायला बसली की ‘स्स्’ असा आवाज यायचा, आणि इकडं ही हातातला घास ताटात परत ठेवायची. ती उठायची, बसायची, उगाच चुलीतली लाकडं हलवायची.

“काय होतंय तुला?” संताजी विचारायचा. “स्वल्प टेक की जरा.”

ती पत्र्याकडं बघायची. पलीकडच्या त्याच हातांनी तिला बाळंतपणात चाळीस दिवस न्हाऊ घातलं होतं.

आणि काल सिस्टरनं कस्तुराबाईचा अंगठा दाबून पाहिला. भेग पिकली होती. “सोमवारपर्यंत बरी झाली नाही तर येऊ नकोस. असल्या हातानं पेशंटच्या बाटल्या धुवायच्या नाहीत.” कस्तुराबाईनं अंगठा पुन्हा चिंधीत गुंडाळला. पिराजीची गिरणीतली नोकरी सुटून सहा महिने झाले होते. ते घर तिच्या हातावरच चाललं होतं.

दारात पावलं वाजली. अनुसूयेनं घाईघाईनं मोजा खुंटीला अडकवला, आणि पदराआडून काढलेली मलमाची डबी कुठं ठेवावी ते न सुचून हातातच धरून उभी राहिली.

कस्तुराबाईनं खुंटीकडं पाहिलं. मग डबीकडं. अंगठ्याला कालचीच चिंधी होती.

“अक्का,” अनुसूया म्हणाली. “उजवा तू घाल. चूक माझी आहे, मी झडप घातली. मला डावा चालेल.”

कस्तुराबाईनं अंगठा पुढं केला. अनुसूयेनं चिंधी सोडली, जखम साध्या पाण्यानं धुतली, पुसली, मलम भरलं आणि आपल्या पदराची किनार फाडून बांधली. बांधताना तिला रडू आलं, ते तिनं आवरलं नाही. मग डोळे पुसून खुंटीवरचा मोजा काढला.

“राहू दे तो तुझाच,” कस्तुराबाई म्हणाली.

तिनं आपला डावा मोजा घेतला. मनगटाकडून धरून सरसर उलटा केला, आतली बाजू बाहेर. तोंडाला लावून एक फुंकर मारली, तशी आत अडकलेली पाचही बोटं फटकन बाहेर आली. मग तो तिनं सावकाश उजव्या हातात चढवला. अंगठा अंगठ्याच्या जागी नीट बसला.

अनुसूया बघतच राहिली. डावा उजवा झाला होता.

“हे तुला कधी कळलं, अक्का?”

“पहिल्याच दिवशी,” कस्तुराबाईनं कुंचा उचलला. “पण मग तू मला अक्का म्हणून हाक मारली असतीस होय?”