मुलं इथंच थांबतील

"मुलांना बाहेर पाठवा," नर्सबाई बाह्या सावरत म्हणाल्या.

"मुलं इथंच थांबतील," शिंपीण म्हणाली. कळ नुकतीच येऊन गेली होती, केस घामाने कपाळाला चिकटले होते, पण आवाज ताग्यावर कात्री चालावी तसा सरळ होता.

थोरली पलंगाच्या उशाशी उभी होती. वय दहा, दोन घट्ट वेण्या. पायथ्याशी भोपळ्या. तो पाचेक वर्षांचा, गाल नावाला शोभतील असे. दोघांचे हात साबणाने धुतलेले, नखं कापलेली. नव्या बाळाचं स्वागत भावंडांनी करायचं, आणि तेही पहिल्या क्षणापासून, हे आईने कधीचं ठरवून टाकलं होतं.

"अहो, हे काय लहान मुलांनी बघायचं असतं? घाबरतील ना!"

"माझी नाही घाबरत."

"आई ओरडली तरी हलायचं नाही, असं ठरलंय," थोरली म्हणाली.

"आणि शू आली तरी," भोपळ्याने भर घातली.

नर्सबाईंना हसू आलं. दवाखान्यात उभी हयात गेली, पण असला हट्ट त्यांनी पाहिला नव्हता. खरं तर निवृत्त झाल्यापासून त्या कुणाच्या घरी जात नसत. पण ही बया एवढं मोठं पोट सांभाळत त्यांचे जिने चढून आली होती, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. "तुमच्याच हातून व्हायला हवं," एवढं एकच धरून बसली होती. म्हाताऱ्या माणसाला असं कुणी म्हटलं की ते विरघळतंच. शिवाय नवरा मेकॅनिक, गाडी दारात तयार. काही कमीजास्त झालंच तर इस्पितळ जवळ होतं.

नवऱ्याची मात्र पार दातखीळ बसली होती. तो स्वयंपाकघरात पाणी उकळत होता, चार बाळंतपणांना पुरेल एवढं.

"भोपळ्या, तुझं काम काय रे?" शिंपिणीने विचारलं.

"बाळाच्या पायाला फीत बांधायची." त्याने मूठ उघडून घामेजलेली हिरवी फीत दाखवली. "नर्सआजी, मला गाठ मारता येते."

"अरे वेड्या, घरात बाळ एकच. ते हरवतंय कुठे?"

भोपळ्याने मूठ पुन्हा घट्ट मिटली. पुढची कळ आली.

ती ओसरल्यावर नर्सबाईंनी थोरलीकडे पाहिलं. "आणि तुझं काम काय गं?"

"बघायचं. बाळावरची नजर हटवायची नाही."

"छान! भावंडांची माया आतापासूनच लागावी, होय ना?" नर्सबाई कौतुकाने म्हणाल्या. "नाहीतर नवं बाळ आलं की मोठ्यांची तोंडं वाकडी होतात."

"तसंच काहीसं," शिंपीण दात आवळून म्हणाली.

दुपार कलायच्या आत बाळ आलं. मुलगी. आणि ती रडेना.

नर्सबाईंनी नाळ कापली, पाठ चोळली, पुन्हा चोळली. काही नाही. "इथं नीट दिसत नाही मला. बाहेरच्या खोलीत नेते," म्हणत त्या बाळाला घेऊन उठल्या.

थोरली दारात आडवी झाली. "बाळ खोलीबाहेर न्यायचं नाही."

"अगं ए शहाणे, सरक! पोरगी निळी पडतेय!"

"दिवा आण!" शिंपीण पलंगावरून ओरडली. "जे काय करायचं ते इथं करा. माझ्यासमोर!"

थोरली तसूभर हलली नाही. भोपळ्याने शिवणयंत्रावरचा दिवा ओढत आणला. वाद घालायला वेळ नव्हता. नर्सबाई तिथंच खाली बसल्या, बाळाचं नाक-तोंड पुसलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या. थोरली रडत होती, आणि रडतारडता बघत होती.

मग बाळाने असा काही टाहो फोडला की स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन खाली पडलं.

"चला, बाप झाला," नर्सबाई म्हणाल्या, आणि खोलीतल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. शिंपीणसुद्धा हसली.

भोपळ्याने जीभ बाहेर काढून गाठ मारली. मग तिच्यावर आणखी एक. "मी तुझा दादा," त्याने त्या पायाला सांगितलं. थोरलीने बाळाच्या मुठीत बोट सरकवलं. "मी सगळा वेळ बघत होते हं. अगदी सगळा वेळ."

नर्सबाईंचे डोळे भरून आले. "इतकी बाळंतपणं केली, पण असं स्वागत नाही पाहिलं. नशीब काढलंय पोरीने."

शिंपिणीने बाळाला छातीशी घेतलं. "जा, बाबांना सांगा," ती मुलांना म्हणाली. "आणि जाताना दार ओढून घ्या."

मुलं धावत गेली. नर्सबाई पसारा आवरायला वाकल्या, तोच शिंपिणीने त्यांचं मनगट धरलं. एवढ्या दमलेल्या बाईच्या हातात तेवढा जोर असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"थोरलीच्या पाठीवर मला एक झालं होतं, तुमच्या दवाखान्यात," ती म्हणाली. "टॉवेलात गुंडाळून तुम्हीच नेलंत. परत येऊन म्हणालात, गेलं. तोंडसुद्धा बघू दिलं नाहीत. पण भिंतीपलीकडे ते रडत होतं, बाई. मी ऐकलंय. कुणाला दिलंत?"

नर्सबाईंनी तिला नीट निरखून पाहिलं. काही केल्या चेहरा आठवेना.

"कुठल्या वर्षी?" त्यांनी विचारलं.